वामनमामाचं भेव

माझा वामनमामा भित्रा होता. मी त्याची भाची असून हे लिहिते, कारण ते खरं आहे आणि तेवढं गाळलं तर त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं उरत नाही. तो मालकाला भ्यायचा, पोलिसाला भ्यायचा, बायकोला तर भ्यायचाच. घरात साप निघाला तेव्हा अन्नपूर्णामामीने काठी घेतली आणि मामा तिच्यामागे कंदील धरून उभा राहिला. कंदीलही हलत होता, म्हणून मामीने साप सोडून आधी कंदील हिसकावला.

आणि हाच माणूस नांदुऱ्याच्या एका जिनचा मॅनेजर होता. तिथल्या बाया त्याला चळचळा कापायच्या.

जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. दिवाळी झाली की कापसाच्या बंड्या फाटकापासून रस्त्यापर्यंत लागायच्या. आत पत्र्याची लांब शेड, तिच्यात दोन्ही अंगांनी रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, आणि प्रत्येक रेच्यापुढे कापूस भरवणारी एक बाई. या सगळ्यांना पट्ट्यांनी फिरवणारं इंजन मात्र एकच, शेजारच्या खोलीत. त्याची धडधड अख्ख्या गावात ऐकू जायची. शेडमध्ये तर कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी अर्धं कळायचं, अर्धं ओठांवरून ओळखायचं.

वर आढ्याला, पट्ट्यांना, बायांच्या भुवयांना रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भुरा चिकटलेला. कापसात एखादा खडा किंवा खिळा आला, रेच्यात घासला, की ठिणगी. आणि ठिणगी भुऱ्याला पोचली की संपलं. मामाने तरुणपणी, काट्यावर कापूस तोलणारा तोलारी असताना, एक जिन जळताना पाहिलं होतं. त्याबद्दल तो कधी बोलायचा नाही. मामीने एकदा विचारलं तर पानावरून उठून गेला. फाटकाच्या आत कुणी बिडी काढली तरी त्याचा चेहरा पांढरा पडायचा.

आता असा माणूस कारखाना कसा चालवेल? जसं त्याला चालवलं गेलं तसा. हिंमतराव मालक त्याच्यावर ओरडायचे, तो बायांवर ओरडायचा. कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला सकाळी खिडकीतून एक पितळी बिल्ला मिळायचा. बिल्ला असेल तर काम. ज्या बाईच्या रेच्यावर ठिणगी उडाली, तिचा बिल्ला त्याच क्षणी काढून घ्यायचा, असा मामाचा कायदा. त्याला वाटे, धाक असला की बाया डोळ्यांत तेल घालून कापूस निवडतील. बायांनीही त्यात आपली भर घातली होती. जिच्या रेच्यावर आग दिसली ती 'आगलावी'. तिच्याशेजारी बसून कुणी भाकर खायचं नाही. पुढच्या हंगामात दुसऱ्या जिनमध्ये गेली तरी नाव तिच्याआधी तिथे पोचलेलं असायचं.

मी बी.ए. करून मामाकडे आले होते. लग्न ठरत नव्हतं आणि मास्तरीण व्हायचं मला मुळीच नव्हतं. बायांचे बिल्ले द्यायला बाईमाणूस हवं म्हणून मामाने मला त्या खिडकीत बसवलं. काम मूर्खासारखं होतं. हात पुढे येणार, त्यावर बिल्ला ठेवायचा, पुढचा हात.

पण हात पाहायला मिळाले. आणि थोड्याच दिवसांत मला दिसलं की बऱ्याच हातांना भाजल्याच्या खुणा आहेत. कुठे फोड, कुठे हळद लावलेली, कुठे जुना काळा डाग.

"गोजरबाई, हे काय झालं?" मी विचारलं. गोजरबाई सगळ्यांत जुनी, जाडजूड, आवाज असा की इंजनावरून ऐकू यावा.

"वांगं भाजत होती बाई."

तिच्यामागे कोकिळा. नवीन लग्न झालेली, तोंडाने फटकळ. तिच्याही तळव्यावर फोड.

"तुझंही वांगंच का?"

"हाव. भरताचं."

"आणि सोजराबाई, तुझं?"

सोजराबाईने हात मागे घेतला. हडकुळी बाई, नवरा गेलेला, कुणाशी नजर म्हणून मिळवायची नाही. कोकिळाच बोलली, "तिच्याबी घरी वांगंच होतं, आशाताई. सस्ती झाली ना वांगी."

सगळ्या हसल्या. मला राग आला. मला मूर्ख समजलेलं मी तेव्हाही सहन करत नसे. दुपारच्या सुट्टीत मी सोजराबाईला विहिरीपाशी गाठलं आणि सरळ म्हटलं, "खरं सांग. मी कुणाचा बिल्ला काढायला आलेली नाही."

ती आधी रडली. मग म्हणाली, "ठिणगी पडली का आमी मुठीत दाबतो, ताई. नाही त पदरात. इझते."

"आणि नाही विझली तर?"

"इझते जी."

"अगं, पण ओरडायचं! कुणाला तरी सांगायचं!"

"सांगून काय करू? बिल्ला जाईन. आन् बाया आगलावी म्हनतीन. मले दोन लेकरं हायेत." मग तिने माझा हात धरला. तिचा तळवा खरखरीत आणि ऊन होता. "तुमी मनेजरसाहेबाले नोका सांगू. पाया पडतो."

मी सांगितलं. सांगणारच होते. तिचं नाव मात्र घेतलं नाही.

मामा ऑफिसात उभा होता, तो खुर्ची न पाहताच बसला. बरं, खुर्ची तिथे होती. "मुठीत?" एवढंच म्हणाला. मग पुन्हा, "मुठीत?" मग उठून दारातून शेडकडे पाहायला लागला. रेचे चालू होते, बाया कापूस भरवत होत्या, रोजच्यासारखंच सगळं. पण मला तरी ते रोजच्यासारखं दिसेना. यातल्या कुठल्या बाईच्या मुठीत आत्ता काय आहे, कुणास ठाऊक. कापसातली आग वर दिसत नाही. ती आतल्या आत धुमसत जाते आणि भलत्याच जागी तोंड काढते. मामाने इतकी वर्षं धाकाने आग थांबवली असं समजून दिवस काढले होते. त्याने थांबवलं होतं फक्त सांगणं.

त्या दिवसापासून त्याची जी दशा झाली ती पाहवत नसे. शेडमध्ये नाक वर करून हुंगत फिरायचा. जेवताना मध्येच थांबून "वास येऊन राह्यला का?" विचारायचा. मामी म्हणायची, "फोडणीचा येऊन राह्यला. जेवा." रेच्यांमधून चालताना तो बायांच्या हातांकडे पाहायचा आणि त्या आणखी घाबरून हात लपवायच्या. कोण कुणाला जास्त भीत होतं ते सांगणं कठीण.

मग त्याने बायांना गोळा केलं आणि सरकीच्या पोत्यावर उभा राहिला.

"ठिणगी दिसली का सांगायचं," तो म्हणाला. "बिल्ला जानार नाही. कोनालेच कायी करनार नाही म्या."

शब्द बरोबर होते. पण वर्षानुवर्षं ओरडलेला गळा. त्यातून ते धमकीसारखे बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत सगळ्या जणींनी बिल्ला घ्यायला डावा हात पुढे केला. उजवा पदराखाली.

मग त्याने जाहीर केलं, जी सांगेल तिला लुगडं. कोकिळा माझ्या खिडकीशी म्हणाली, "कोन्या रंगाचं देते म्हना? पांढरं त नाही?" गोजरबाईने तिच्या पाठीत धपाटा घातला, पण हसू कुणालाच आवरलं नाही. मला आवरलं. कारण कुणीही, एकाही बाईने, काहीही सांगितलं नव्हतं. आणि हळदीचे हात होतेच.

हल्ली कामगारांत उत्साह कसा आणावा यावर व्याख्यानं होतात. मी एक-दोन ऐकली, अर्ध्यातून उठून आले. बक्षीस द्या म्हणतात, कौतुक करा म्हणतात. कराच. पण ज्या माणसाने आजवर तुमच्याकडून फक्त मार खाल्ला, त्याला तुमच्या हातात लुगडं दिसलं तरी तो हात आधी पाहतो. हे कुणी सांगत नाही.

शेवटी मामाने दोर बांधला. सगळ्या रेच्यांच्या डोक्यावरून, कुठल्याही बाईचा हात पोचेल असा, शेडच्या या टोकापासून इंजनखोलीपर्यंत. तिकडच्या टोकाला रॉकेलचा रिकामा डबा, खडे भरलेला, इंजनवाल्या शालिग्रामच्या समोर टांगलेला. दोर ओढला की डबा खाली. डबा पडला की शालिग्रामने इंजन बंद करायचं, कारण विचारायचं नाही. इंजन थांबलं की रेचे थांबतात, वारा थांबतो, आग पसरत नाही. तोवर इंजन थांबवायचा हुकूम फक्त मामाचा होता.

शालिग्राम भडकला. "म्हंजे आता बाया माहं इंजन थांबवतीन?"

"हाव."

"मालकाले इचारलं का?"

मामा दोराची गाठ ओढून पाहत राहिला. मालकाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि मग त्याला तो बांधायची छाती झाली नसती. इंजन थांबणं म्हणजे हिंमतरावांच्या लेखी घरात कुणी गेल्यासारखं.

दोर बांधला आणि बाया त्याच्यापासून अंग चोरून वागायला लागल्या. कापूस उचलताना मान वाकवायच्या, चुकून डोकं लागू नये म्हणून. छताला साप लोंबावा तसा तो दोर.

मग एक दिवस हिंमतराव रुईचे व्यापारी घेऊन आले. मोठं धोतर, मोठा आवाज. शेडच्या मध्यावर उभे राहून पाहुण्यांना हातवारे करून दाखवत होते. मामा त्यांच्यामागे, हात जोडलेले, घामाने सदरा ओला. आणि तेवढ्यात इंजन थांबलं.

ती शांतता मी विसरले नाही. पट्टे फडफडत मंद झाले, रेचे कण्हत कण्हत थांबले, आणि मग काहीच नाही. कुणीतरी खोकलं ते मोठ्याने ऐकू आलं. मामा धावत रेच्यांमध्ये गेला, कापूस उपसला, हुंगला, खाली वाकून पाहिलं. काही नव्हतं. एक पट्टा घसरून तापला होता, त्याचा करपट वास. बस.

"कोनं ओढला?" हिंमतराव म्हणाले.

बाया खाली पाहत होत्या. कोकिळाचा हात अजून दोरावरच होता. सोडायचं तिच्या ध्यानातच नव्हतं. फटकळ पोरगी, पण तिचे ओठ निळे पडले होते.

"बिल्ला काढ तिचा, वामनराव."

मामा तिच्याकडे चालत गेला. मी खिडकी सोडून शेडच्या दारात आले होते.  तिच्यासमोर जाऊन त्याने हात पुढे केला आणि कोकिळाने कमरेचा बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला. मला वाटलं, झालं. आता जन्मात कुणी या दोराला हात लावणार नाही, आणि एक दिवस आपण सगळे इथे जळून मरू. 

मामा तो बिल्ला पाहत उभा राहिला. मग त्याने तो परत तिच्या हातात दिला.

"जाय. कामाले लाग."

"वामनराव!"

"मालक," मामा वळला. हात पुन्हा जोडलेले. "तिची चुकी नाही जी. वास आला त ओढजो, असं म्याच सांगतलं होतं."

"मंग तू चुकला."

"हाव जी. मले काढा. पन तिले काढलं त आता कोनीच ओढनार नाही. मंग मी अठी पाय नाही ठेवनार." आणि इथे त्याचा आवाज फुटला, चक्क पोरासारखा. "मले भेव वाटते, मालक. या जिनमंधी मले लय भेव वाटते."

सगळ्या शेडने ते ऐकलं. इंजन बंद होतं ना. ऐकू न येण्याची सोयच नव्हती.

व्यापाऱ्यांपैकी एकाने हळूच वर आढ्याकडे पाहिलं, लोंबणाऱ्या भुऱ्याकडे, आणि दाराच्या दिशेने दोन पावलं सरकला. हिंमतरावांचा चेहरा लाल झाला. "सकाळी घरी ये," एवढंच म्हणाले आणि पाहुण्यांना घेऊन निघून गेले. घरी ये म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. याआधीचा मॅनेजर घरी गेला तो परत आला नव्हता.

मामा तिथेच खाली बसला. बाया त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग गोजरबाई शेजारणीला म्हणाली, हळू म्हणायला गेली, पण तिचा आवाज तो, "व माय! सायेबालेबी भेव वाटते!"

सकाळी मामीने त्याला दहीभात खायला घातला. त्याने तो अंगणात जाऊन ओकून टाकला. मग टोपी घातली आणि हिंमतरावांच्या घराकडे निघाला. मी जिनवर गेले. खिडकीत त्या दिवशी उजवे हात आले. सगळे नाही, पण आले. फोडांसकट. कोकिळाने हात पुढे केला आणि म्हणाली, "आज वांगं नाही, ताई. रेचाच." मी तिच्या हातावर बिल्ला ठेवला. मला मामाची काळजी लागली होती, आणि काळजीत मला दुसऱ्याचं चांगलं वागणंही धड पाहता येत नाही.

उन्हं चांगली वर आल्यावर डबा पडला.

मी आत धावले तेव्हा धूर रेच्याच्या पोटातून येत होता, पिवळा, जाड. पुढ्यातला कापूस एका बाजूने पेटला होता आणि ज्वाळ भुऱ्याकडे जीभ काढत होती. इंजन थांबलं होतं म्हणून ती सरळ वर जात होती, इकडेतिकडे पसरत नव्हती. बायांचा गलका, कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी पोराचं. मी वाळूची बादली उचलली आणि ती इतकी जड लागली की अर्धी माझ्याच पायांवर सांडली. गोजरबाईने ती माझ्या हातातून ओढली. "हट व पोट्टी!" शालिग्राम दाताळं घेऊन आला आणि जळता कापूस खेचत अंगणात नेऊ लागला. पाण्याने कापसाच्या आतली आग विझत नाही. ती बाहेर न्यावी लागते, उकलावी लागते. बाया पायांनी वाळू लोटत होत्या. एकीच्या पदराने पेट घेतला, दुसरीने तो फाडून फेकला. मला वाटलं, आता छत. आता छत पेटेल. मी वर पाहत राहिले. छत पेटलं नाही.

इकडे मामा हिंमतरावांच्या ओसरीवर उभा होता. हे त्याने नंतर मामीला सांगितलं, मामीने मला. मालक बोलत होते, तो मान खाली घालून ऐकत होता. आणि मध्येच गावातली धडधड बंद झाली. हिंमतराव बोलता बोलता थांबले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेव्हा पहिल्यांदा मामाला मालकाच्या डोळ्यांत आपल्यासारखंच काहीतरी दिसलं. मग तो पळत सुटला. चपला तिथेच राहिल्या.

तो आला तेव्हा आग विझली होती. एक रेचा गेला होता, पुढचा कापूस गेला होता. बाया अंगणात बसल्या होत्या, तोंडं काळी, डोळे लाल. मामा श्वास घेत घेत म्हणाला, "कोनं... कोनं ओढला?"

अगदी कालच्या मालकासारखा. त्याच्या मागून हिंमतरावही येऊन उभे राहिले होते. 

खांबामागून सोजराबाई निघाली. गोजरबाईने तिचा दंड धरला. रेचा तिचाच होता. "म्या ओढला," ती म्हणाली. "आधी दाबून पायली. मंग... मंग मले लय भेव वाटलं. म्हून ओढला."

मामाने तिच्याकडे पाहिलं. "भाजलं का?"

"नाही जी."

"कोनाले?"

"कोनालेच नाही."

तो तिथेच धुळीत बसला आणि डोक्यावरची टोपी काढून तोंडाला लावली. कोकिळाने त्याला पाणी आणून दिलं. हिंमतराव आत गेले, जळका रेचा पाहिला, वर छत बराच वेळ पाहिलं, बाहेर आले. बायांकडे पाहिलं. वाटलं, काही बोलतील. "इंजन चालू करा," म्हणाले आणि गेले. आगलावी हा शब्द त्या दिवशी कुणी काढला नाही. सोजराबाईच्या शेजारी भाकर खायला गोजरबाई बसली आणि मग बाकीच्यांची काय बिशाद.

मामाला काढलं की ठेवलं, हे मालकांनी कधी सांगितलं नाही. मामाला विचारायचा धीर झाला नाही. रोज सकाळी आज सांगतील म्हणून घाबरत तो जिनवर जायचा. असा तो म्हातारा होईपर्यंत गेला. पुढच्या हंगामात संग्रामपूरकडच्या आणि धामणगाव बढ्याच्या बायाही आमच्या फाटकाशी आल्या, इथेच काम द्या म्हणून. रोजी सगळीकडे सारखीच होती. मालकांना याचं नवल वाटलं. मला नाही वाटलं.

पण मामाची भीती गेली, असं कुणी समजू नये. उलट वाढली. आधी त्याला कुणी काही सांगत नव्हतं. आता सगळ्या जणी सगळं सांगायच्या. पट्टा चिरला, खिळा सापडला, आढ्याची कडी वाकली, शालिग्राम डुलक्या घेतो. मामा ऑफिसात डोकं धरून बसलेला आणि दारात गोजरबाई.

"अजून कायी राह्यलं का व गोजरबाई?"

"लय राह्यलं, सायेब. तुमी आधी पानी पिऊन घ्या."

आणि ती उंबऱ्यावरच ऐसपैस बसायची.